चार्ज देणार, चार्ज घेणार

साशंक : भाऊ, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. मोठ्या कंपनीत वित्त विभाग सांभाळून निवृत्त झालेला एखादा माणूस पुढची वर्षं एकाच कामाला देतो. वरच्या पदावरची माणसं पद सोडतात, बदलतात, नवं पद घेतात, तेव्हा त्यांच्याशी बसून बोलायचं आणि त्यांना वाट काढून द्यायची. मुंबई-पुण्यात हे काम चालतं, त्याला पैसेही मिळतात. तुम्हाला ते नंदुरबार जिल्ह्यात व्हायला हवं आहे. माझी पहिली अडचण अशी की, ज्याच्यासाठी हे करायचं त्याला मुळात कमी काय आहे? निवृत्तिवेतन आहे, ओळखी आहेत, निरोप समारंभाची शाल आहे. आपल्याकडे दिवाळी उरकली की धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली, नवापूर-तळोद्याची कुटुंबं बिऱ्हाड बांधून बारडोली-सुरतेकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटली की नाही हे मुकादमाच्या वहीत. गाव सुटणं, काम बदलणं, पोरांची शाळा तुटणं हे सगळं ती माणसं दर वर्षी सोसतात. या जिल्ह्यात ‘स्थित्यंतर’ हा शब्द आधी त्यांचा आहे. त्यांच्या शेजारी कोणी वित्ततज्ज्ञ बसत नाही. मग साहेबांच्या शेजारी बसायची एवढी निकड कशाची?

आग्रही : आबा, ऊसतोड कुटुंबाचा हक्क पहिला, यावर माझा वाद नाही. पण वरच्या माणसाचं पद सोडणं हा त्याच्या एकट्याचा मामला नसतो. सहकारी साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक बदलला की उसाचं बिल कधी निघणार, याचं गणित बदलतं. शिक्षण संस्थेचा सचिव गेला की अनुदानाचा कोणता प्रस्ताव कोणत्या टेबलावर पडून आहे, ही माहिती त्याच्याबरोबर जाते. बँकेचा मुख्य अधिकारी गेला की कोणतं कर्ज कागदावर चालू आणि खऱ्या अर्थानं बुडीत, हे त्याच्या डोक्यातच राहून जातं. पुरुषोत्तमनगरचा कारखाना असो की डोकाऱ्याचा आदिवासी कारखाना, अशा संस्थांभोवती हजारो घरांचे संसार बांधलेले असतात.

शिवाय आपला जिल्हाच नवा. १ जुलै १९९८ ला तो धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हापासून इथली कार्यालयं बदलीवर आलेल्या माणसांनी चालवली आणि बदलीवर गेलेल्या माणसांबरोबर त्यांची समज निघून गेली. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची ठरवली. पावसाळ्यात तोरणमाळचा घाट कसा असतो, कोणत्या पाड्यावर कोणत्या महिन्यात माणूस भेटतो, हे कळायलाच दोन वर्षं जातात. सहकारी बँकांत तर आता कायदाच माणसाला उठवतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक सोडून कोणालाही सलग आठ वर्षांहून जास्त संचालक राहता येईना. २०२५ मध्ये ती मर्यादा दहा वर्षं झाली. वर्षानुवर्षं एका खुर्चीत बसलेला माणूस उठणार हे नक्की. उठायचं कसं, हे मात्र कायदा शिकवत नाही.

साशंक : बरं, उठायला कोणीतरी शिकवावं. पण तो शिकवणारा वित्त अधिकारीच का? आयुष्यभर त्यानं गेल्या वर्षाचे आकडे मांडले. ज्याचं पद जातं त्याचं दुखणं आकड्यांचं नसतं. राज्य सरकारचा अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचा फोन वाजत असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजत नाही. घरातल्या कोणालाही विचारा, ती सकाळ कशी असते. माणूस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो आणि मग त्याला कळतं की कुठं जायचं नाही. त्या सकाळी त्याला ठेवींवरच्या व्याजाचा तक्ता दाखवणारा माणूस हवा, की त्याच्याबरोबर गप्प बसणारा? वित्तवाल्यांचा स्वभाव मी पाहिला आहे. ‘हे परवडणार नाही’ हे त्यांच्या तोंडचं पहिलं वाक्य असतं. ज्याच्या पायाखालची जमीन हलली आहे त्याला हे वाक्य काय धीर देणार?

आग्रही : तुम्ही वित्तवाल्याचं काम आकड्यांपाशी थांबवता. मी त्याच्या सवयींकडे बघतो. चांगल्या बँकेत शाखेचा चार्ज कसा देतात, आठवा. रोख मोजली जाते, नोटांच्या गड्ड्या एकेक करून. तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, त्या हातात दिल्या जातात. सोनेतारणाची पाकिटं एकेक बाहेर काढून सील तपासतात. मग जडसंग्रह नोंदवही उघडते. खुर्च्या इतक्या, कपाटं इतकी, एक पंखा नादुरुस्त. भिंतीवरचं घड्याळसुद्धा लिहिलेलं असतं. शेवटी कागदाच्या तळाशी दोन सह्या. डावीकडे ‘चार्ज देणार’, उजवीकडे ‘चार्ज घेणार’. ही शिस्त ज्याच्या हाडात मुरली आहे, तो माणूस पद सोडणाऱ्यासमोर बसला की त्याला वेगळेच प्रश्न सुचतात. तुमच्या ताब्यात नेमकं काय होतं? त्यातलं संस्थेचं किती, तुमचं किती? तुम्ही घरी चाललात, पण कोणती चावी चुकून खिशात राहिली आहे?

एक अगदी व्यवहारातलं सांगतो. संस्थेनं कर्ज काढलं तेव्हा संचालकानं वैयक्तिक हमीवर सही केलेली असते. पद सुटतं, हार पडतात, माणूस मोकळा झालो म्हणतो. हमी मात्र सुटत नाही. बँक लेखी मोकळं करत नाही तोवर ती त्याच्या मानेवर असते. ताळेबंदात अशा गोष्टी मुख्य रकान्यात दिसत नाहीत. ‘संभाव्य देणी’ म्हणून खाली टिपेत येतात. सगळे वरचा नफा वाचतात. वित्तवाला टीप वाचतो. पद सोडणाऱ्या माणसाच्या आयुष्यातली टीप वाचणारा कोणीतरी लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तुमच्या त्या सकाळबद्दल. आपल्या मिरचीच्या पथारीवर तुम्ही कित्येकदा उभे राहिला आहात. ओली लाल मिरची तोलून घेतात तेव्हा ढीग केवढा मोठा दिसतो. आठ-दहा दिवस उन्हात पडली की वजन उतरतं. जुना व्यापारी ओल्या मालाचा भाव करतानाच वाळल्यावर किती उरेल याचा अंदाज धरून असतो. पदावरच्या माणसाला आपलं ओलं वजनच खरं वाटतं. वाळल्यावर आपण किती उरू, हे त्याला खुर्चीत असतानाच कोणीतरी सांगायला हवं. ते निष्ठुरपणानं सांगायचं नाही, आणि खोटा धीर देऊनही नाही. ते काम हिशेबाच्या माणसाला जमू शकतं.

साशंक : पथारीचं उदाहरण माझ्या मनाला लागलं. पण त्यातलाच एक धोका बघा. वाळून किती उरेल याची ज्याला सतत जाणीव, तो माणूस जपून पावलं टाकायला लागतो. आपल्या मराठी माणसांत वित्ताच्या वाटेनं सर्वांत उंच गेलेला कोण, तर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. तेव्हा त्यांच्या शेजारी तुमचा सल्लागार असता तर काय म्हणाला असता? थांबा म्हणाला असता. पर्याय मांडले असते, फायद्या-तोट्याचे दोन रकाने आखले असते आणि तोट्याचा रकाना लांबलचक निघाला असता. महाराष्ट्राला जो राजीनामा अजून आठवतो तो हिशेबाच्या कसोटीवर कदाचित टिकला नसता. काही वेळा पद सोडणं हे माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम असतं. त्याला सुरक्षित करण्याच्या नादात तुम्ही त्याचं तेज काढून घ्याल.

आग्रही : तोच दाखला मी उलट्या बाजूनं वाचतो. राजीनाम्यानंतरचं बघा. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. याच माणसानं मेघदूत मराठीत आणलं होतं, संस्कृतचा व्यासंग जपला होता. म्हणजे खुर्ची हे त्यांचं सगळं भांडवल नव्हतं. ज्याचं सगळं भांडवल एकाच ठिकाणी गुंतलेलं असतं तो राजीनामा देऊच शकत नाही, मग त्याचं मत कितीही पक्कं असो. चांगला वित्तवाला भीती घालत नाही, तो गंगाजळी दाखवतो. तो विचारतो, तुम्हाला किती पुरे? हा आकडा फार थोड्या मोठ्या माणसांना ठाऊक असतो. महिन्याला घर किती पैशात चालतं, मुलांचं काय उरलं आहे, आजारपणाची तरतूद किती, हे ज्यानं एकदा कागदावर पाहिलं तो उद्या चुकीच्या कागदावर सही करायला नकार देऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात कितीतरी चुकीच्या सह्या दुष्टपणातून होत नाहीत, त्या पुढच्या पोस्टिंगच्या आणि हप्त्यांच्या धाकातून होतात. ‘पुरे’चा आकडा हातात असणं ही स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे. सल्लागारानं माणसाला भित्रं केलं तर तो वाईट सल्लागार. म्हणून सगळं कामच वाईट ठरत नाही.

साशंक : ठीक. ‘पुरे’चा प्रश्न मी तुमच्याकडून घेतला. आता जबाबदारीचं बोला. तुमच्या सल्लागाराला कशाचीच झळ लागत नाही. सल्ला चुकला तर घर दुसऱ्याचं बसतं. महाराष्ट्रात जाणत्या माणसानं कर्त्या माणसाला साथ दिल्याचं मोठं उदाहरण प्रवरेच्या साखर कारखान्याचं आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या मागे धनंजयराव गाडगीळ उभे राहिले. पण ते पुण्याहून पत्रानं सल्ला पाठवून थांबले नाहीत. गोखले संस्थेचा हा अर्थशास्त्रज्ञ कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. १९५० मध्ये गाळप सुरू झालं तेव्हा कारखाना बुडाला असता तर त्यांचं नावही बुडालं असतं. पुढे ते अध्यक्षपद विखेंकडे गेलं. त्याला मी मार्गदर्शन म्हणतो. ओझं खांद्यावर घेतलं, तोलून दाखवलं आणि मग दुसऱ्याच्या खांद्यावर दिलं. तुमचा माणूस ओझ्याला हात न लावता चालायचं कसं हे सांगणार.

आणि दुसरं. हिशेबाच्या माणसाजवळ गुपितं असतात. आज तो एका कारखान्याच्या साहेबाला जायची वाट दाखवेल, उद्या दुसऱ्या कारखान्याचा अध्यक्ष त्यालाच विचारेल, तिथला तो माणूस कसा आहे हो? एका पंगतीत बसून दोन घरची भांडणं त्याच्या कानावर येतील. सहकार कायद्यात तज्ज्ञ संचालकाची जागा आहे. कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालक आहेत, आणि २०१३ च्या कायद्यानं त्यांनाही पाच-पाच वर्षांच्या सलग दोनच मुदती दिल्या. म्हणजे स्वतंत्रपणा कालांतरानं विटतो, हे कायदा करणाऱ्यांनीही ओळखलं होतं. तुमच्या सल्लागाराला तर मुदतही नाही आणि नोंदही नाही.

आग्रही : गाडगिळांपुढे मी हात जोडतो. तसा माणूस मिळाला तर सल्लागाराची चर्चाच नको. पण प्रत्येक संस्थेला अध्यक्षपद पत्करणारा गाडगीळ मिळत नाही. म्हणून आपण काम सोडायचं की काम करणाऱ्याला कुंपण घालायचं? मी कुंपण सांगतो. पहिलं, ज्याला सल्ला दिला त्याच्या पुढच्या नेमणुकीतून या माणसाला एक पैसाही मिळता कामा नये. तो दलाली करू लागला की त्याचं ऐकणं संपलं. दुसरं, त्या संस्थेत स्वतः कोणतंही पद घ्यायचं नाही, आज नाही आणि नंतरही नाही. तिसरं, त्याच तालुक्यात, त्याच धंद्यात दोन्ही बाजूंना बसायचं नाही. चौथं, मुदत आधी ठरवायची. सहा महिने म्हणजे सहा महिने. जगात अशी कामं उभी राहिली आहेत. अमेरिकेत १९६४ मध्ये निवृत्त अधिकाऱ्यांची ‘स्कोअर’ ही संघटना निघाली. ते लहान धंद्यांना विनामूल्य मार्गदर्शन करतात. जर्मनीत बॉनला १९८३ पासून ज्येष्ठ तज्ज्ञांची सेवा आहे. निवृत्त तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक मानधनाशिवाय जातात, काही आठवडे काम करतात आणि परततात. ठरलेल्या दिवशी येणं आणि ठरलेल्या दिवशी निघणं हाही त्या सेवेचा भाग आहे.

साशंक : ठरलेल्या दिवशी निघून जाणारी माणसं या जिल्ह्यानं पुष्कळ पाहिली आहेत, भाऊ. शहादा तालुक्यातलं टेंभली आठवा. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक तिथं दिला गेला. पंतप्रधान आले, सारा देश त्या गावाकडे पाहत होता. क्रमांक मिळाला. रोजगारासाठी गाव सोडणं त्या क्रमांकानं थांबलं नाही. पाहुण्याच्या चांगुलपणावर माझा संशय नाही, पण पाहुण्याचा मुक्काम संपल्यावर घरात काय राहतं, ते मी बघतो.

आणि विनामूल्य म्हटलं की दुसरी गाठ बसते. फुकट सल्ला ज्याला परवडतो तोच देणार, म्हणजे ज्याचं आयुष्य सुखात गेलं तोच. ज्यानं पडझड पाहिली, ज्याला निवृत्तीनंतरही दुकानात हिशेब लिहावे लागतात, त्याच्याजवळ कदाचित जास्त शहाणपण असेल, पण तो या यादीत येणार नाही. मी आता माझा खरा प्रश्न विचारतो. तुम्ही ‘ज्येष्ठ नेतृत्व’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? कारखान्याचा साहेब, बँकेचा अधिकारी, संस्थेचा सचिव. माझ्या डोळ्यांसमोर अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावरची सरपंच येते. या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा इथं लागू आहे. राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांसाठी आहेत. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट अशा ग्रामपंचायतींना मिळू लागला. त्या बाईनं पाच वर्षं तो पैसा पाहिला. ग्रामसभेत उभं राहून, कोणाचा रस्ता आधी आणि कोणाची विहीर नंतर, हे ठरवलं. ग्रामसेवकाबरोबर धनादेशांवर सह्या केल्या. तालुक्याच्या कचेरीत तासन्‌तास बाकावर बसली. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं, जागा महिलांसाठी राहिली नाही, आणि ती पुन्हा शेतावर गेली. कदाचित कोयता घेऊन बारडोलीलाही. तिचा निरोप समारंभ कोणी केला? पाच वर्षांत जे शिकली ते कोणत्या खात्यावर जमा झालं? तुमचा वित्तप्रमुख तिच्या ओट्यावर बसेल का?

आग्रही : आबा, या प्रश्नाला पटकन उत्तर देणं खोटेपणाचं होईल. मी बोलत होतो तेव्हा ती माझ्या यादीत नव्हती, हे कबूल करतो. ती असायला हवी होती. तिच्या बाजूनं विचार केला तर माझ्या कितीतरी गोष्टी बदलतात. तिला ‘पुढची वाट कोणती’ हा प्रश्न पडलेला नाही. वाट तिच्या पायाखाली आहे, तीच जुनी. तिला काय लागेल?

एक गोष्ट मात्र दिसते. पद गेल्यावर दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो. अमुक कामाचं मोजमाप नाही, तमुक प्रमाणक सापडत नाही, रक्कम वसूलपात्र. नोटिशीवर नाव तिचं असतं. कागद तिच्याजवळ नसतात, दप्तर ग्रामपंचायतीत आणि ग्रामसेवक बदलून गेलेला. ज्या बाईनं एक रुपया खाल्ला नाही तिच्या दारात वसुलीचा कागद येऊ शकतो. आणि इथं माझा वित्तवाला खरोखर उपयोगी आहे. मुदत संपायच्या सहा महिने आधी त्यानं तिच्याजवळ बसायचं. प्रत्येक प्रमाणक, मोजमाप पुस्तिका, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, सगळं लावून घ्यायचं. तिला एक संच, दप्तरात एक संच. आणि दोन सह्यांचा कागद करायचा. साहेबाच्या बाबतीत मी संभाव्य देण्यांचं बोललो होतो. साहेबाजवळ वकील असतो. तिच्याजवळ कोणी नसतं. टीप वाचणारा माणूस आधी तिलाच लागतो.

साशंक : आता तुम्ही जे सांगितलंत त्याला मी सल्ला म्हणणार नाही. त्याला पाठीशी उभं राहणं म्हणतात, आणि त्यावर माझा आक्षेप नाही. पण मग तुमच्या माणसाला बरंच काही विसरावं लागेल. तिची बोली पावरी असेल, भिली असेल. तो बोलेल मराठी, तेही कचेरीची. कोणी काही समजावून सांगायला लागलं की गप्प बसून मान हलवायची, हे तिला सवयीचं आहे. ती मान हलवेल आणि तो समजेल, सांगून झालं.

दुसरं, तिची मिळकत तुमच्या ताळेबंदात बसत नाही. हिशेबाचा नियम तुम्हीच जाणता. नावलौकिक विकत घेतलेला असेल तर ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहितात. स्वतः कमावलेला नावलौकिक लिहिता येत नाही. कंपनीसाठी तो नियम योग्य असेल. पण या जिल्ह्यातल्या माणसांचं जवळजवळ सगळं भांडवल असंच स्वतः कमावलेलं आहे. कोणाच्या शब्दावर भांडण मिटतं, कोणाच्या हाकेला पाडा जमतो, कोणाला जंगलातली कोणती वाट ठाऊक आहे. तुमच्या शास्त्राला ते लिहिता येत नाही. मग ज्याला ते लिहिता येत नाही तो ते मोजणार कसं आणि पुढच्या माणसाच्या हातात देणार कसं?

आग्रही : मोजणार नाही. तुमचं बरोबर आहे, मोजू नयेच. पण जो नियम मालमत्ता लिहू देत नाही त्याच नियमानं वित्तवाल्याला एक नम्रता शिकवलेली असते. त्याला ठाऊक असतं की पुस्तकातली किंमत आणि खरी किंमत यांत अंतर आहे आणि ते अंतर कधी कधी संस्थेहून मोठं असतं. चांगला हिशेबनीस ताळेबंदाला संस्था समजत नाही. वाईट हिशेबनीस समजतो. मला त्या बाईकडे असा माणूस पाठवायचा आहे ज्याला आपल्या पुस्तकाची हद्द कळते. तो आधी तिच्याकडून शिकेल. आणि मग कारखान्याच्या साहेबासमोर बसेल तेव्हा त्यालाही विचारेल, तुमच्या हाकेला कोण येतं? पद गेल्यावरही येईल असा कोण? तेव्हा साहेबाला कळेल की या एका हिशेबात सरपंचबाई त्याच्यापेक्षा श्रीमंत आहे. दोघांचा सल्लागार एकच असावा, असं मला आता वाटायला लागलं आहे. वेगवेगळे ठेवले तर एकाला मार्गदर्शन मिळेल आणि दुसरीला शिबिर.

साशंक : इथं आपण जवळ आलो, पण मूळ गाठ अजून सुटलेली नाही. साहेबाला तुम्ही शेवटी कुठं नेणार? या धंद्याचा सगळा ओघ पुढच्या पदाकडे असतो. एक खुर्ची गेली की दुसरी शोधून द्यायची. आपल्या जिल्ह्याची गरज उलटी असेल तर? खुर्च्या रिकाम्या व्हायला हव्यात, म्हणजे ज्यांना अजून बसायला मिळालं नाही ते बसतील. इथं शंभरातली सत्तरच्या आसपास माणसं आदिवासी आहेत. संस्थांच्या वरच्या खुर्च्यांत त्यांचा वाटा तेवढा आहे का, हे कोणीही आपापल्या संस्थेत बसून मोजावं. गाडगिळांनी प्रवरेची खुर्ची सोडली म्हणून ती शेतकऱ्याला मिळाली. तुमचा सल्लागार एका मोठ्या माणसाला एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत अलगद नेऊन बसवेल, तो निर्धास्त होईल आणि दाराबाहेरचा उभाच राहील. माणसाचं भलं करून जिल्ह्याचं नुकसान होऊ शकतं.

आग्रही : होऊ शकतं. पण माणूस खुर्चीला घट्ट का धरतो, तेही बघा. लोभानं धरतो, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं तुमच्या त्या सकाळीत आहे, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालेल्या माणसाच्या सकाळीत. ज्याला उद्या सकाळी कुठं जायचं याचं उत्तर नाही तो आजची खुर्ची सोडत नाही. सोडली तरी पडद्यामागून चालवतो, मुलाला बसवतो, पुतण्याला बसवतो. त्याच्या भीतीला कोणी उत्तर दिलं तरच खुर्ची खरोखर रिकामी होते. म्हणून पुढचं पद मिळवून देणारा सल्लागार मलाही नको. पदाशिवायची सकाळ सहन करायला जो शिकवेल तो मला हवा. दोघांना लोक एकाच नावानं ओळखतील आणि बाहेरून त्यांतला फरक दिसणार नाही, ही अडचण मी नाकारत नाही.

साशंक : तो फरक ओळखायची एक खूण मला सुचते, तुमच्याच चार्जच्या कागदावरून. कागदावर दोन सह्या असतात म्हणालात. देणार आणि घेणार. पद सोडणाऱ्याला तुमचा माणूस ‘देणार’च्या रेघेवर सही करायला शिकवेल, हे मी मानलं. उजवीकडची सही कोणाची, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. सल्लागार ती करू शकत नाही, तुमच्याच कुंपणानं त्याला मनाई केली आहे. ती त्या संस्थेतल्या, त्या गावातल्या, पुढच्या माणसानं करायची. मग तुमच्या माणसानं आपला अर्धा वेळ कोणासाठी ठेवायचा? जाणाऱ्यासाठी, की जो घ्यायला तयार उभा आहे पण ज्याला कोणी हाकच मारली नाही त्याच्यासाठी?

आग्रही : मी आजवर डावीकडच्या सहीचाच विचार केला. उजवीकडे कोण, हे संस्था ठरवेल, असं धरून चाललो होतो. संस्था नेहमी तिच्यासारखाच माणूस शोधते, हेही खरं. अर्धा वेळ म्हणता, कदाचित त्याहून जास्त. पण तसं केलं तर मोठा माणूस त्याला बोलावेल का? जो आपल्याबरोबर आपल्या जागी येणाऱ्यालाही तयार करतो आहे, अशा माणसासमोर कोण मन उघडेल? ऐकून घ्यायचं तर विश्वास हवा, आणि विश्वास हवा तर त्याला एकाच बाजूला बसावं लागेल. दोन्ही बाजूंना बसला तर माझंच कुंपण मोडतं.

साशंक : मोडतं खरं. आणि तरी दोन्ही सह्यांशिवाय चार्ज होत नाही. यावर उत्तर मलाही सापडलेलं नाही. पण असा माणूस उद्या आपल्याकडे आलाच, तर मी त्याला आधी दुसऱ्याचं काही विचारणार नाही. तुमचं स्वतःचं पद तुम्ही सोडलंत त्या दिवशीचा कागद दाखवा, म्हणेन. डावीकडे तुमची सही असेलच. उजवीकडे ज्याची सही आहे, त्याला तुम्ही त्याआधी किती वर्षं ओळखत होता?